काकांचा संगणक आणि आतला तपकिरी चिकटा: साफ होईल का?

खटपट्या (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवी आहे. फोटो काढलेत, पण ते टाकायचं धाडस होत नाही, म्हणून शब्दांतच सांगतो.

माझ्या काकांचा संगणक नऊ वर्षांचा आहे. कॅबिनेट पांढरं, बाजूला पारदर्शक खिडकी. ते मीच हौसेने निवडलं होतं. काका दिवसाला दीड पाकीट ओढतात, तेही त्याच टेबलाशी बसून. रक्षापात्र ठेवण्याची त्यांची हक्काची जागा म्हणजे कॅबिनेटचा माथा. गेल्या महिन्यापासून संगणक सुरू केला की चार-पाच मिनिटांत आपोआप बंद पडतो. त्याआधी पंखा असा काही ओरडतो की शेजारच्या खोलीत कळतं.

आज झाकण उघडलं. आधी वास आला, शिळ्या विझलेल्या सिगरेटचा. नंतर दिसलं ते असं: पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेला तपकिरी दाढी उगवलेली. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) पट्ट्यांमध्ये फटच शिल्लक नाही, वरून नमदा अंथरल्यासारखं झालंय. मदरबोर्ड मुळात निळा होता, आता खाकी दिसतो. एक स्क्रू काढला तर त्याच्या डोक्याखाली निळ्याचं छोटं कडं निघालं, तेव्हा मूळ रंग आठवला. बोट लावलं तर चिकटलं. ब्लोअर मारला, तर वरचा भुसभुशीत थर उडाला आणि खालचं सगळं जागच्या जागी. हललंसुद्धा नाही.

आत काकांनी सहा वर्षं खपून टाइप केलेली घराण्याची वंशावळ आहे आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही (हो, माहीत आहे, बोलून घ्या). हे साफ होतं का? की धुराने बोर्डच खाल्ला असेल?

रात्रपाळी | शनिवार, रात्री ९.५८

हार्डडिस्क काढून घ्या, बाकी टाकून द्या. नऊ वर्षं झालीत, त्यात हा राप. हे काम मी एकदा एका मित्रासाठी केलंय, नंतर तीन दिवस हाताचा वास जात नव्हता.

अवांतर: २००९ साली अमेरिकेत यावरून बराच गदारोळ झाला होता. धूम्रपान करणाऱ्यांचे संगणक वॉरंटीत असूनही दुरुस्त करायला एका मोठ्या कंपनीने नकार दिला, आतला थर कारागिरांच्या आरोग्याला घातक आहे असं कारण देऊन, अशा ग्राहकांच्या तक्रारी होत्या. तेव्हा मला ती पळवाट वाटली होती. मित्राचा संगणक उघडल्यावर मत बदललं.

जुनाजाणता | शनिवार, रात्री १०.३५

टाकू नका. बोर्ड बहुतेक शाबूत आहे. पण रात्रपाळी म्हणतात त्यातला हार्डडिस्क काढण्याचा भाग आत्ताच अमलात आणा. संगणक पुन्हा सुरू करून "बघू, मध्ये कॉपी होते का" असा प्रयत्न करू नका. हार्डडिस्क बाहेर काढा, साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडा आणि वंशावळ दोन ठिकाणी उतरवून घ्या. मग साफसफाई. हा क्रम बदलू नका.

आता बोर्ड खाल्ला का, याबद्दल. एकवीस वर्षं हीच कामं करतोय, धुराने थेट मेलेला बोर्ड क्वचितच पाहिलाय. धूर हा इथे खुनी कमी आणि डिंक जास्त. साध्या घरात धूळ हीटसिंकवर बसते, पण ती सुटी असते. वर्षाकाठी ब्लोअर मारला की निघते. सिगरेटच्या धुरात टारचे (तंबाखू जळून होणाऱ्या डांबरासारख्या द्रव्याचे) अतिसूक्ष्म थेंब असतात, बहुतेक एका मायक्रॉनहूनही लहान. ते धातूवर, प्लॅस्टिकवर बसले की चिकट लेप होतो. आलेली धूळ मग त्या लेपाला धरून राहते, तिच्यावर पुन्हा धूर, पुन्हा धूळ. असे पदर चढत जातात आणि त्याचा तुम्ही म्हणता तो नमदा होतो. ब्लोअरने तो का हलला नाही, ते आता कळलं असेल.

कॅबिनेटच्या पुढच्या जाळीने का अडवलं नाही, असं कुणी विचारेल. ती जाळी केस आणि कापसाचे बोळे अडवायला असते. तिचं एकेक छिद्र धुराच्या कणाच्या शेकडो पट मोठं.

आणि एक हिशेब करून बघा. साधा १२० मिमीचा पंखा मोकळ्या हवेत मिनिटाला हजारभर लिटर हवा ओढतो. तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच खोलीत २७,००० लिटर हवा असते. म्हणजे अर्ध्या तासात खोलीभरची हवा त्या पंख्यातून जाऊन येऊ शकते. कॅबिनेटच्या आत अडथळे असतात, तासभर धरा. काकांच्या खोलीत काकांच्या खालोखाल धूर कुणी ओढला असेल तर तो या यंत्राने.

बंद पडतोय तो उष्णतेने. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर शंभर अंशांच्या आसपास यंत्र स्वतःच बंद पडतं. म्हणजे संरक्षण काम करतंय, ही चांगलीच खूण आहे.

धूम्रवर्ण | शनिवार, रात्री ११.१०

मी ओढतो, आधीच सांगतो म्हणजे उगाच कुजबुज नको. माझा संगणक अकरा वर्षं चालतोय, रोजचं एक पाकीट. आत थोडी धूळ आहे, बस. हे असले धागे वाचून घरचे माझ्याकडे बघतात.

जुनाजाणता | शनिवार, रात्री ११.२२

@धूम्रवर्ण, तुमचा संगणक कुठे आहे आणि तुम्ही कुठे ओढता?

धूम्रवर्ण | शनिवार, रात्री ११.२५

संगणक आतल्या खोलीत. मी गॅलरीत. बायकोचा नियम.

भिंगरी | शनिवार, रात्री ११.२६

🙂 मग तुमचा संगणक धूम्रपान करतच नाही की हो.

माझा खरा प्रश्न: हा थर वीज वाहून नेतो का? शॉर्टसर्किट होऊ शकतं का?

रसायनवाली | रविवार, सकाळी ७.५०

@भिंगरी, चांगला प्रश्न. कोरडा थर फारशी वीज नेत नाही. पण तो ओलावा धरून ठेवतो. दमट दिवसांत त्या थरातून अगदी बारीक प्रवाह गळू लागतो. मोठ्या, दणकट भागांना त्याने काही होत नाही. ज्या सर्किटांत मुळातच सूक्ष्म प्रवाह असतात तिथे मात्र चुका सुरू होतात: तापमान भलतंच दाखवणं, माइकमध्ये खरखर, बटण न दाबता दाबल्यासारखं होणं. शिवाय ओलावा आणि धुरातले आम्लधर्मी घटक मिळून जोडांच्या धातूवर हळूहळू गंज धरतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्या त्यातल्या त्यात टिकतात. उघडं तांबं आधी काळवंडतं.

थोडं रसायनही सांगते, साफ करताना उपयोगी पडेल. लोक सरसकट "निकोटीनचे डाग" म्हणतात, पण शुद्ध ताजं निकोटीन जवळजवळ रंगहीन असतं. हवेत राहून ते पिवळं-तपकिरी होतं. बाकीचा गडद रंग आणि चिकटपणा टारचा. निकोटीन अल्कधर्मी आहे आणि पाण्यात सहज मिसळतं. आम्लाशी त्याचं लवण होतं, म्हणून भिंती पुसताना पाण्यात व्हिनेगर घालतात. टारचा मोठा भाग मात्र पाण्याला दाद देत नाही, त्याला साबण किंवा अल्कोहोल लागतं. म्हणून नुसत्या ओल्या फडक्याने पिवळं पाणी निघतं आणि चिकटपणा तसाच उरतो. व्हिनेगर कॅबिनेटच्या बाहेरच्या प्लॅस्टिकपुरतंच. बोर्डाच्या आसपास आम्ल अजिबात नको.

आणि हातमोजे घाला. हे सोवळेपणाने सांगत नाही. निकोटीन त्वचेतून शरीरात जातं. दुसरं म्हणजे, २०१० साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटीन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावतं आणि त्यातून नायट्रोसामाइन गटातली कर्करोगकारक संयुगं तयार होतात. म्हणजे तो थर नुसता पडून नसतो, त्यात काहीतरी चालू असतं. कोरडं खरवडताना तोंडाला मास्कही हवाच.

खटपट्या | रविवार, सकाळी ९.१५

सगळ्यांचे आभार. डिस्क काढली, जोडली, दिसली! वंशावळीची फाइल आधी उतरवली. आता फोटो उतरताहेत, ते बरेच आहेत.

डिस्कचं वरचं लेबल पार तपकिरी झालंय. तिच्या झाकणावर एक बारीक भोक आहे, त्याच्याभोवती तर काळं वर्तुळ. अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून ते नीट साफ करू का?

जुनाजाणता | रविवार, सकाळी ९.१८

नको!! हात लावू नका.

जुनाजाणता | रविवार, सकाळी ९.४०

आता सविस्तर. ते भोक श्वासाचं आहे. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं, आणि त्याच्या आतल्या बाजूला बारीक फिल्टर असतो. डिस्क फिरत असते तेव्हा वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं. धुराचा मध्यम कण साधारण २००-३०० नॅनोमीटरचा. म्हणजे त्या टोकासाठी धुराचा एक कण हा रस्त्यात आडवा पडलेला धोंडा. तो आत जाऊ नये म्हणूनच फिल्टर आहे आणि नऊ वर्षं त्याने काम केलंय. इअरबडने तुम्ही तो चिकटा पातळ करून फिल्टरमध्ये मुरवाल, किंवा भोक बुजवाल. लेबल पुसायचंच तर भोकापासून लांब, जेमतेम ओलसर फडक्याने. मी तर पुसतच नाही. (हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण सीलबंद असतात, त्यांना हे भोक नसतं. घरगुती संगणकात त्या सहसा सापडत नाहीत.)

खटपट्या | रविवार, सकाळी ९.४४

इअरबड हातातच होता. धन्यवाद.

स्क्रूढिला | रविवार, सकाळी ११.०५

साफसफाईबद्दल माझा अनुभव. एका ध्वनिमुद्रण स्टुडिओतले चार संगणक मी असे काढलेत, तिथे काचेमागे सगळे ओढायचे.

आधी सगळं कोरडं. ही पायरी लोक टाळतात आणि थेट अल्कोहोल ओततात. मग त्या नमद्याचा चिखल होऊन चिपांच्या पायांत जाऊन बसतो. लाकडी दातकोरणी किंवा बांबूची काडी घ्या आणि हीटसिंकच्या फटींतून तो थर पापुद्र्यासारखा उचलून काढा. बरेचदा अख्खा पट्टा निघतो, त्याचं समाधान वेगळंच. धातूची टोकदार वस्तू बोर्डाजवळ नको. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावायचा तर नळीचं टोक लांब धरा, ब्रशने सुटं करा आणि उडालेलं ओढून घ्या. हवा खेचताना प्लॅस्टिकच्या नळीवर स्थिर विद्युत साठते, ती बोर्डाला टेकली तर एखादी चिप जाऊ शकते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरतो आणि बेअरिंगची वाट लागते.

मग ओलं. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्के. औषधी ७० टक्क्यांचं मिळतं त्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं, बोर्डासाठी ते नको. मऊ दातघासणी अल्कोहोलमध्ये भिजवायची आणि एका वेळी तळहाताएवढा भाग घासायचा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी पहिल्या संगणकावर चुकलो. अल्कोहोल मळ खात नाही, तो फक्त हलवतो. टार त्यात विरघळतो, अल्कोहोल मिनिटभरात उडून जातं आणि टार पुन्हा तिथेच बसतो, फक्त आता पातळ पसरून. बोर्ड वाळला की भरती ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा तपकिरी रेघा दिसतात. त्यामुळे घासल्या घासल्या, ओलं असतानाच, धागे न सुटणाऱ्या फडक्याने टिपून घ्यायचं. मग नवीन अल्कोहोल, नवीन फडकं. बोळा पांढरा राहीपर्यंत. बोर्ड किंचित तिरका धरला तर घाण एका कडेला वाहून येते, तिथे टिपायला सोपं.

जुनाजाणता | रविवार, सकाळी ११.३०

स्क्रूढिला यांच्याशी शंभर टक्के सहमत, तिरका धरण्याबद्दल तर जास्तच. थोडी भर घालतो.

आग. या अल्कोहोलची वाफ १२ अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते. म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला ती कायमच तयार असते. खिडक्या उघड्या, प्लग काढलेला, बोर्डावरचा गोल सेल काढून ठेवलेला. आणि काकांना त्या खोलीत येऊ देऊ नका, निदान हातात पेटती असताना. डब्यातल्या फवाऱ्याची दाबाखालची हवा वापरत असाल तर तिच्यातले काही वायूही ज्वलनशील असतात. डबा उलटा धरला तर द्रव बाहेर येतो आणि जागच्या जागी गोठवतो.

हीटसिंक. पंखा सोडवा, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) पुसा, उरला नुसता धातू. त्याला अल्कोहोलचे लाड नकोत. गरम पाणी, भांड्यांचा द्रव साबण आणि ब्रश. टार साबणाने भराभर सुटतो. मात्र डिशवॉशर यंत्राची पावडर किंवा कॉस्टिक नको, ॲल्युमिनियम काळं पडतं आणि खाल्लं जातं. धुतल्यावर एक दिवस पूर्ण वाळू द्या. परत बसवताना नवी पेस्ट. जुनी नऊ वर्षांत खडूसारखी झाली असेल.

पंखे. बुडवायचे नाहीत. पातं न पातं दोन्ही बाजूंनी पुसायचं आणि सगळ्यांवरून सारखंच काढायचं. एकाच पात्यावर थर राहिला तर तोल जातो आणि पंखा थरथरतो. खरं सांगायचं तर इतके माखलेले पंखे मी पुसत बसत नाही, बदलतो. बेअरिंगमध्ये काय गेलंय ते दिसत नाही.

प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये, जिथे केसासारख्या पिना असतात, तिथे ब्रश नाही, काडी नाही, काही नाही. तो भाग झाकलेला होता, स्वच्छच असणार.

भिंगरी | रविवार, दुपारी १२.१०

आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा)? हवा तर त्यातूनही जाते.

जुनाजाणता | रविवार, दुपारी १२.२०

तो उघडायचा नाही. २३० व्होल्टचा एसी आत शिरला की त्याचा साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतो आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. प्लग काढल्यावरही तो तिथे बसून असू शकतो. आयुष्यात एकदा मी तो हाताने मोजलाय, मीटरने नव्हे. नऊ वर्षांचा धूर प्यायलेला एसएमपीएस सरळ बदला. या अख्ख्या यंत्रात मी डोळे मिटून फेकेन अशी ती एकच वस्तू.

उत्सुक_माणूस | रविवार, दुपारी १.००

व्हेपने पण असंच होतं का? मित्रासाठी विचारतोय.

रसायनवाली | रविवार, दुपारी १.२५

मित्राला सांगा, टार नसतो पण सुटका नाही. त्या वाफेत प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. त्याचा रंगहीन, तेलकट पापुद्रा बसतो, म्हणून तो आधी लक्षातच येत नाही. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे धूळ त्यावर आणखी आनंदाने चिकटते. जमेची बाजू म्हणजे दोन्ही पाण्यात विरघळतात, काढायला सिगरेटच्या थरापेक्षा सोपं.

खटपट्या | रविवार, रात्री ८.५५

दिवसभराचा वृत्तांत. फोटोही उतरले, दोन प्रती झाल्या.

हीटसिंकमधून निघालेला नमदा एकसंध होता. हातात घेतला तर घडी घालता येत होती. साबणाच्या पाण्याचा रंग बघून पुतणीने विचारलं, हे रंगाचं पाणी आहे का. बोर्डावर पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच फरक नाही असं वाटलं, तिसरीत अचानक निळा रंग वर आला. रॅमच्या खाचेजवळ छापलेली अक्षरं आज पहिल्यांदा वाचता आली.

डीव्हीडी ड्राइव्ह गेली दोन वर्षं काही वाचत नव्हता. भिंगावर धुराचा पडदा होता. कोरडा इअरबड, मग किंचित ओला, मग पुन्हा कोरडा, अगदी हलक्या हाताने. वाचायला लागला!

याच जोशात बाजूची पारदर्शक खिडकी पण अल्कोहोलने पुसायला घेतलीय, फार चिकट आहे.

स्क्रूढिला | रविवार, रात्री ९.०२

थांबा!! काच आहे की ॲक्रिलिक?

खटपट्या | रविवार, रात्री ९.२०

ॲक्रिलिक निघालं. कडेच्या भोकांपासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा गेल्यात. प्रकाशात धरलं की सगळ्या चमकतात. पुसलं तरी जात नाहीत.

स्क्रूढिला | रविवार, रात्री ९.३१

जाणार नाहीत. त्या डाग नाहीत, खऱ्याच भेगा आहेत. ॲक्रिलिकमध्ये कापताना, भोकं पाडताना ताण राहिलेला असतो, अल्कोहोल लागलं की तो तडकून बाहेर पडतो. त्याला फक्त कोमट पाणी आणि सौम्य साबण. काच असती तर काही बिघडलं नसतं. मीच आधी सांगायला हवं होतं. मॉनिटर तरी वाचवा: स्क्रीनवर अल्कोहोल नाही, अमोनियावालं काच पुसायचं औषध नाही, दोन्हींनी वरचा मुलामा जाऊ शकतो. शुद्ध पाण्याने ओलसर केलेलं मायक्रोफायबर, आणि फवारा फडक्यावर मारायचा, स्क्रीनवर नव्हे. अ‍ॅसिटोन तर घरातल्या कुठल्याच प्लॅस्टिकजवळ नेऊ नका.

रात्रपाळी | रविवार, रात्री ९.४०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

भिंगरी | रविवार, रात्री ९.४२

@रात्रपाळी, "सांगितलं होतं ना, टाकून द्या" असं लिहिलं होतंत ना? मी वाचलं.

खटपट्या | सोमवार, रात्री १०.१५

नवा एसएमपीएस, दोन नवे पंखे, नवी पेस्ट. सुरू केला. चार मिनिटं सगळे घड्याळाकडे बघत बसलो. पाच. दहा. चालू! काम करताना प्रोसेसर ६३ अंशांवर. आधी बंद पडण्याच्या क्षणी ९९ दाखवत होता. आवाज इतका कमी की काकांनी वाकून दिवा बघितला, लागलाय का म्हणून.

दोन गोष्टी राहिल्यात. पहिली, तास-दीड तास चालला की तोच वास परत येतो, थोडा कमी. कुणीतरी ओझोनचं यंत्र सुचवलंय. दुसरी, कॅबिनेटच्या माथ्याचं प्लॅस्टिक साबणाने, मग व्हिनेगरने पुसलं. खूप तपकिरी निघालं. पण जिथे रक्षापात्र असायचं तिथे दुधासारखं पांढरं वर्तुळ आहे आणि बाकी सगळं अजून पिवळट. आणखी घासू का?

रसायनवाली | सोमवार, रात्री १०.५०

ओझोन नको. तो रबर चिरवतो, म्हणजे पंख्याखालचे बूच, कॅबिनेटचे पाय. शिवाय निकोटीनशी त्याची अभिक्रिया होऊन आणखी सूक्ष्म कण तयार होतात. ते श्वासात जाणार. वास येतोय तो आता उरलेल्या सच्छिद्र वस्तूंतून: फोमच्या पट्ट्या, केबलवरची विणलेली जाळी, जुनी लेबलं. फोम काढून टाका, जाळीदार केबल साबणात धुवा. मग संगणक बंद करून मोठ्या झाकणाच्या खोक्यात सक्रिय कोळशाच्या पुरचुंडीसोबत आठवडाभर ठेवा. कोळसा कॅबिनेटच्या आत नको, त्याची पूड सुटते आणि ती वीजवाहक असते.

वर्तुळाबद्दल: घासू नका, ते धुराचं नाहीच. चाचणी तुमची तुम्हीच करून टाकलीत. निकोटीनचा पिवळा पुसला की फडक्यावर येतो. फडकं पांढरं राहूनही प्लॅस्टिक पिवळंच असेल, तर प्लॅस्टिक स्वतःच बदललंय. प्रकाशाने, विशेषतः अतिनील किरणांनी असं होतं आणि आग रोखण्यासाठी मिसळलेल्या ब्रोमिनच्या संयुगांमुळे ते आणखी लवकर होतं. रक्षापात्राखाली नऊ वर्षं ऊन पोचलं नाही, म्हणून तेवढाच मूळ रंग राहिला. जुन्या संगणकांचे हौशी लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवतात आणि पिवळेपणा उतरवतात. पण डाग सारखा उतरला नाही तर चट्टेपट्टे होतात, आणि पुन्हा पिवळं पडण्याची शक्यता असतेच.

खटपट्या | सोमवार, रात्री ११.०५

म्हणजे अख्ख्या कॅबिनेटवर मूळ रंग वाचवला तो रक्षापात्राने! काकांना वाचून दाखवलं, ते फारच खूश झाले.

धूम्रवर्ण | सोमवार, रात्री ११.०८

काकांना माझा नमस्कार सांगा.

जुनाजाणता | मंगळवार, सकाळी ८.००

छान काम केलंत. आता जागा बदला. पुढचा पंखा हवा ओढतो, त्याचं तोंड काकांच्या खुर्चीकडे नको. शक्यतो खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा आणि केबल लांब घ्या. ओढणं त्याच खोलीत चालू राहणार असेल तर दर तीन महिन्यांनी झाकण उघडा. थर ओलसर आणि कोवळा असतो तोवर ब्रश आणि थोड्या अल्कोहोलने अर्ध्या तासात निघतो. नमदा झाला की पुन्हा हाच रविवार.

खटपट्या | पुढचा मंगळवार, रात्री ९.३०

कोळशाच्या खोक्यातून आज बाहेर काढला. वास नाक लावलं तरच येतो.

पलीकडच्या भिंतीशी ठेवलाय, भेगांची बाजू भिंतीकडे. रक्षापात्र आता खिडकीच्या कट्ट्यावर असतं. काकांचा हात मात्र सवयीने दोनदा कॅबिनेटच्या जुन्या जागेकडे गेला, तिथे आता नुसतं टेबल आहे. पांढऱ्या वर्तुळावर त्यांनी चष्म्याचं घर ठेवून बघितलं. पुरत नाही, सगळीकडून थोडं थोडं बाहेर दिसतंच.